एकाच शाईतल्या दोन सह्या

आमच्या कंपनीत माणसं कमी करायची असली की सगळ्यात आधी माझं टायपिंगचं मशीन जागेवरून हलायचं. चपराशी ते उचलून मागच्या रेकॉर्डच्या खोलीत नेऊन ठेवायचा, मी कोरे कागद आणि कार्बन घेऊन त्याच्या मागोमाग जायचे, आणि बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, दार आतून लावून घ्यायचे. पुढं पुढं हे सगळ्यांना पाठ झालं. मशीन हललं की अख्ख्या हॉलमध्ये कोणाच्या घशाखाली चहा उतरत नसे. पण पहिल्या वेळी तसं नव्हतं. दार कशासाठी लावतात हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

नागपूरच्या सदर भागात एका जुन्या बंगल्यात आमची कचेरी होती. शेतीचे पंप, ऑईल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग असा धंदा. माल मुंबईहून यायचा आणि हुकूमही मुंबईहूनच. साठीचं दशक संपत आलं होतं. मी काटोलकडच्या खेड्यातली. मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून नागपूरला नोकरी धरली. महाल भागात एका घराच्या मागच्या बाजूला खोली घेतली होती. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि मी. संध्याकाळी कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचं कारण पडत नसे. गावी गेले की मी हे मोठ्या ऐटीत सांगायचे. ऐट कसली, रविवारी दुपारी मी दुधवाल्याची वाट पाहायचे, कारण तो 'किती?' असं विचारायचा आणि मला 'अर्धा' असं म्हणता यायचं.

कचेरीत आम्ही दोघीच बायका. ती माझ्याच वयाची, विणकरांच्या घरातली. घरात दोन हातमाग होते, आणि त्यांच्या खडखडाटात लहानाची मोठी झाल्यामुळं तिला मोठ्यानं बोलायची सवय होती. साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. दुपारी आम्ही मागच्या व्हरांड्यात डबे उघडायचो. तिची भाजी मी खायची आणि माझी तिनं, असा नियमच पडून गेला होता. स्टोव्हवर घाईनं केलेली माझी भाजी काय दिवे लावणार? पण ती संपवायची. फार तर म्हणायची, "मीठ महाग झालं का वं महालात?" दिवसभरातली माझी खरी बोलणी त्या अर्ध्या तासात होत. हे तिला कधी कळलं की नाही, देव जाणे. तिच्या घरी नऊ माणसं होती.

आम्ही दोघी कंपनीत एकाच दिवशी लागलो होतो. त्या दिवसाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. रुजू होताना हजेरीच्या मोठ्या रजिस्टरमध्ये सही करायची होती. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, एकमेकींना अजून नावानंही ओळखत नव्हतो. बाबूंनी रजिस्टर पुढं केलं. मी पर्समधून पेन काढलं तर शाई गळून टोपणात जमा झालेली, बोटं निळी. तिनं आपलं पेन काढलं होतं, सही करायला वाकलीही होती. माझ्या बोटांकडं पाहून हसली आणि पेन माझ्या हातात देत म्हणाली, "घे, तू कर आधी. तुले गावाची मोटर पकडाची असंन." मला खरंच मोटर पकडायची होती. मी सही केली. माझ्या खाली तिनं केली. तिच्या पेनात हिरवी शाई होती, म्हणून त्या पानावर आमच्या दोघींच्या तेवढ्या हिरव्या सह्या होत्या. नंतर आम्ही त्यावरून पुष्कळदा हसलो. हिरव्या शाईनं फक्त साहेब लोक सही करतात, आपण पहिल्याच दिवशी साहेब झालो, असं ती म्हणायची.

तीन वर्षं अशी गेली. मग पंप खपेनासे झाले. गोडाउनमध्ये माल तसाच पडून राहायला लागला, मुंबईहून लोक येऊन साहेबांच्या खोलीत बसायला लागले. ज्येष्ठतेची एक यादी गोडाउनच्या फलकावर लागली. कायद्यानं ती आधी लावावी लागते, हे मला पुढं कळलं. कंपनीनं कायदा पाळला, पण फलक असा निवडला की तिथं हमालांशिवाय कोणी जात नसे, आणि यादी इंग्रजीत होती. आम्ही कारकून मंडळी तिकडं फिरकलोही नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी, जेवताना तिनं पर्समधून एक पत्र काढलं. उमरेडला तिचे मामा राहत. त्यांच्या ओळखीनं तिथल्या एका शाळेत मास्तरणीची जागा चालून आली होती. शनिवारच्या टपालापर्यंत होय की नाही ते कळवा, नाहीतर दुसऱ्या बाईंना बोलावू, असं शाळेनं लिहिलं होतं.

"जाऊ का वं?" तिनं विचारलं.

"काहून? इथं काय वाईट आहे?" मी म्हणाले.

"वाईट काई नाही. पण इथचं काई खरं दिसून नाही राहिलं मले. अन् शाळा म्हणजे पक्की."

"तू गेली तर मी जेवू कोणासोबत?"

मी हे हसत म्हटलं. पण ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिला समजलं. तिनं पत्राची घडी केली आणि म्हणाली, "पाहू." बुधवारपर्यंत माझ्याकडून कसलाच अपराध झालेला नव्हता. मैत्रीण जाऊ नये असं वाटणं हा काही गुन्हा नाही. हे मी स्वतःला नंतर किती वेळा सांगितलं, त्याला सुमार नाही.

गुरुवारी सकाळी मशीन हललं.

बाबूंनी दार लावलं, घाम पुसला आणि अकरा नावांचा कागद माझ्यासमोर ठेवला. शेवटी आलेला आधी जाणार, असा नियम. ज्याचं त्याला वेगळं पत्र टाइप करायचं, प्रत्येकी दोन कार्बन, तारीख सोमवारची. मी दहा पत्रं टाइप केली. त्यात गोडाउन कीपर होता, दोन फिरते मेकॅनिक होते. हात चालत होते, डोकं बंद होतं. अकराव्या ओळीत नाव नव्हतं, नुसतं 'टायपिस्ट, एक' असं लिहिलं होतं.

बाबू म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच तारखेच्या, यादीतही एकाच नंबरावर. आता कोण आधीची अन् कोण मागची, हे पाहा लागंन."

त्यांनी कपाटातून ते मोठं रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि त्या पानावर थांबले. दोन हिरव्या सह्या. बोट ठेवून म्हणाले, "वरची कोणाची? तुमची. झालं मग. तुम्ही शिनिअर."

मी काय बोलले असते? की बाबू, पेन तिचं होतं? की ती सही करायला वाकली होती आणि मला मोटर पकडायची होती? माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. उलट, लिहिताना लाज वाटते पण लिहिते, आत कुठंतरी हुश्श झालं. ते हुश्श एखादा क्षणच टिकलं, पण ते झालं होतं. मग मी कागद चढवला आणि तिचं नाव टाइप केलं. ते मी एरवी लिहायचे तेव्हा मध्ये एक अक्षर हमखास चुकायचे आणि ती चिडवायची. त्या दिवशी एकही चूक झाली नाही.

निघताना बाबू म्हणाले, "बाई, हे दोघांलेच माहीत हाय. मले अन् तुम्हाले. बाहेर गेलं तर कोणी सांगतलं हे मले शोधा नाही लागणार."

बाबू वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मागं मुंबई होती आणि मुंबईच्या मागं आणखी कोणी असेल. माणसाला काढायचं ते असं हातोहात पुढं सरकत येतं, आणि शेवटी एका टायपिस्टच्या बोटांशी येऊन थांबतं. पण त्या बोटांना तोंडही होतं. तेच तर सांगते आहे.

शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात आम्ही डबे उघडले. तिच्या डब्यात वांग्याची भाजी होती, माझी आवडती. मी हात लावला नाही. पोट दुखतं म्हणाले. ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

"काल काय टाइप करून राहिली होती वं, दार लावून?"

"मुंबईचे रिपोर्ट."

"मग मी त्या शाळेले नाही म्हणून लिहून टाकू?"

हा प्रश्न मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकला आहे. तिनं विचारला एकदाच. बाकीच्या वेळा मीच. त्या क्षणी फक्त 'नको' म्हणायचं होतं. कारण नाही सांगितलं तरी चाललं असतं. तिनं आपण होऊन नोकरी सोडली असती तर कंपनीला ते हवंच होतं, एक पत्र फाडावं लागलं असतं, इतकंच. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. हिला सांगितलं आणि ही तिच्या त्या मोठ्या आवाजात भांडायला उठली तर? एकाच दिवशी लागलो तर मीच काहून, असं विचारलं तर? मग पेनाची गोष्ट निघेल, आणि बाबू रजिस्टर पुन्हा उघडतील. आणि मग मला गावी परत जावं लागेल, ज्यांच्या नाकावर टिच्चून आले त्यांच्यासमोर. भीती ती एवढीच. आज लिहायला घेतली तर चार ओळींत मावते.

"तुहं तू पाह्य," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातली अळणी भाजी खाऊन टाकली.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. आम्ही दोघी बाहेर पडलो. सदरच्या चौकाजवळ पोस्टाची लाल पेटी होती. तिनं पर्समधून पाकीट काढलं. पत्ता मला दिसला. पेटीपाशी ती थांबली, माझ्याकडं वळली आणि काहीच बोलली नाही, फक्त उभी राहिली. मला वाटलं, पाकीट नीट चिकटलं आहे का ते पाहते आहे. मी रस्त्याकडं बघत राहिले. एक रिकामा सायकलरिक्षा चालला होता, तो वळून दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिले. मग मागं पेटीच्या तोंडाचा पत्रा वाजला.

"चाल, चना-पोहा खाऊ," ती म्हणाली. आम्ही खाल्ला. तिला वरून ओततात ती तिखट तर्री जास्त लागायची, तिनं दोनदा मागून घेतली. मी काय खाल्लं ते आठवत नाही.

रविवारी दूधवाला आला आणि 'किती?' म्हणाला. मला 'अर्धा' म्हणता आलं नाही, बोटानं दाखवलं.

सोमवारी कंपनीनं सगळं फार व्यवस्थित केलं. सकाळीच अकराजणांना एकेक करून साहेबांच्या खोलीत बोलावलं. आत खुर्ची होती, चहा होता, बशीत आलूबोंडे होते. साहेब उभे राहून हात मिळवायचे. बाईमाणसाशी हात कसा मिळवायचा हे त्यांना कळेना, म्हणून तिला त्यांनी नमस्कार केला म्हणे. पत्र हातात, ड्रॉवरची किल्ली बाबूंकडं, आणि दुपारच्या आत घरी. मोठ्यानं कोणी बोललं नाही. मुंबईहून आलेले गृहस्थ बाबूंना म्हणाले, फार छान पार पडलं.

ती बाहेर आली तेव्हा मी माझ्या टेबलाशी होते. मशीन परत जागेवर आलं होतं. ती उभ्या उभ्याच पत्र वाचत होती. आणि मग तिची नजर गेली ती खालच्या डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्या कोणी तिथं पाहिलं नसतं. पण ती टायपिस्ट होती. तिथं बारीक अक्षरांत आधी मजकूर देणाऱ्याची आद्याक्षरं असतात, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्याची. कचेरीत टायपिस्ट दोन. एक ती आणि एक मी.

ती रडली नाही, चिडली नाही. मोठ्यानं तर सोडाच, हळूही काही बोलली नाही. डबा उचलला, तो भरलेलाच होता, आणि गेली.

त्यानंतर मी बारा-तेरा वर्षं तिथं काढली. दुपारी व्हरांड्यात एकटी बसायची. दुसरं कोणी माझ्याबरोबर बसायला तयार नव्हतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आधी कळतं ते हिला, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. लोक माझ्याशी बोलताना माझा चेहरा वाचायचे. कोणाकडं पाहून मी हसले तर तो खूश, नाही हसले तर तो घरी जाऊन बायकोला सांगायचा. म्हणून मी हसणंच बंद केलं, सगळ्यांसाठी सारखं. चौथ्या वर्षी पुन्हा मशीन हललं, मग आणखी एकदा. त्या वेळीही मी कोणाला काही सांगितलं नाही. एकीला सांगितलं नाही तर आता ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू, असं वाटायचं. विचित्र प्रामाणिकपणा, पण तेवढाच उरला होता.

ती कुठं आहे हे मला माहीत होतं. चपराशानंच सांगितलं होतं. काही महिने इतवारीतल्या एका दुकानात होती, मग जिल्हा कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसली. तिथं अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारी माणसं बसतात, त्यांच्यात ती एकटी बाई. आमच्या कचेरीपासून पायी पंधरा मिनिटं. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यानं एकदाही गेले नाही.

मग ऐंशीनंतर कधीतरी नागपूरची शाखाच बंद झाली. शेवटी बाबू, चपराशी आणि मी उरलो होतो. त्या वेळी मशीन हलवलं नाही, कारण लपवायचं कोणापासून? आमची तीन पत्रं मी हॉलमध्येच टाइप केली. माझ्या पत्राखालीही माझीच आद्याक्षरं पडली. चहा-आलूबोंडे आले नाहीत. मशीन कंपनीचं होतं, ते मुंबईला गेलं.

पुढच्या आठवड्यात एका शाळेच्या कचेरीत जागा निघाली. अर्ज टाइप केलेला हवा होता. मला हसू आलं. पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केली आणि स्वतःच्या अर्जासाठी मशीन नव्हतं. नागपुरात टायपिंगची दुकानं काही कमी नव्हती. तरी मी कोर्टाकडं गेले. का गेले हे मला सांगता येईल, पण सांगायला नको, तुम्हाला कळलंच असेल.

तिनं मान वर केली आणि ओळखलं. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, चष्मा लागला होता. "बस," म्हणाली. आवाज तोच, मोठा. माझ्या मागं आणखी एक माणूस उभा होता, त्याला हातानंच थांबायला सांगितलं. मी हस्तलिखित पुढं केलं. तिनं कागद चढवला आणि टाइप करायला लागली. बोटं माझ्यापेक्षा चपळ चालत होती. मी तिथं बसून वर्षानुवर्षं तयार करून ठेवलेलं वाक्य बोलले. म्हणाले, मला गुरुवारीच माहीत होतं. सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

तिनं टायपिंग थांबवलं नाही.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "दार लागलं होतं तरी तुह्या मशीनचा आवाज मी वळखत नाही का? एकाच मापाची अकरा पत्रं. मले तेव्हाच समजलं का लोकं काढून राहिले. शुक्रवारी तू वांगे नाही खाल्ले, तवा तर पक्कंच झालं."

"मग तू शाळेला 'नाही' म्हणून काहून लिहिलं?"

आता ती थांबली. चष्मा काढून पदरानं पुसला.

"मी म्हटलं, आपलं नाव असतं तर हिनं सांगतलं असतं. पेटीपाशी उभी राहिली मी, तुले आखरी मोका देल्ला. तू काई बोलली नाही. मी म्हटलं, म्हणजे आपलं नाव नाही. अन् टाकली चिठ्ठी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता, त्याचीच तयारी करून आले होते. इतकी वर्षं मी समजत होते की मी फक्त गप्प बसले. माझं गप्प बसणं तिनं उत्तर म्हणून घेतलं होतं, आणि मुख्य म्हणजे त्या उत्तरावर विश्वास ठेवला होता. माझ्यावर तेवढा विश्वास ठेवणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

तिनं राहिलेल्या दोन ओळी टाइप केल्या, कागद मशीनमधून ओढून काढला, एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते खोडून नीट केलं. मग कागद माझ्यापुढं सरकवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

"घे, सही कर," ती म्हणाली, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाकडं पाहिलं. "हं, बोला भाऊ."